फोर्ड, कॉन्टेसा आणि पारशिवनीची सडक

कन्हान, ३ फेब्रुवारी १९८५

चि. उत्तरास,
देवाजीमामाचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू पुण्यात इंजिनिअरिंगच्या पोरांले शिकवून राहिली, हे वाचून लई बरं वाटलं वं. इकडं मात्र डोकं तापलं आहे.

आपल्या प्रेमिलाच्या नवऱ्यानं, श्रीधररावानं, नवी कॉन्टेसा घेतली. नागपुरात एका लग्नात भर मांडवात तो म्हणाला की मामाजीची फोर्ड आता भंगार आहे, नुसता आवाज करते. बाई, दहा वर्षं मी त्या गाडीवर खाणीच्या साहेबाचा ड्रायव्हर होतो. साहेब गेला तवा तीच मी घेतली. ज्या दारातून त्याले उतरवत होतो, त्याच दारातून तुह्या मामीले उतरवलं.

प्रेमिलाले सातवा महिना आहे. पहिलं बाळंतपण, माहेरी आणायचं. मामी रोज म्हणते, जा, घेऊन या. मी जावयाच्या दारात पाय ठेवणार नाही. तूच सांग, आठ सिलिंडरच्या इंजिनाले भंगार काहून म्हणावं?

तुहा,
देवाजीमामा

पुणे, ११ फेब्रुवारी १९८५

ती. मामांना,
उत्तराचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इथं बसून मी निकाल कसा देऊ? दोन्ही गाड्या पळवा आणि बघा. पण नीट. फोर्डचे टायर गुळगुळीत झालेत, ते आधी बदला, नाहीतर शर्यत टायरांचीच होईल. प्लग, तेल, सगळं ताजं घाला. पेट्रोल एकाच पंपावरचं आणि वजन दोन्हीकडे सारखं. जातानाचा आणि येतानाचा असे दोन्ही वेळ मोजा, म्हणजे वारा आणि चढ कुणाच्या बाजूचे राहणार नाहीत. आणि दोघांनीही दोन्ही गाड्या चालवायच्या. तुमचा हात तीस वर्षं मुरलेला आहे, त्याचे गुण गाडीला देऊ नका.

पळण्याइतकंच थांबणंही मोजा. श्रीधरभाऊजींनाही हेच लिहिलं आहे. रागावलात तरी चालेल, पण मामीवर ओरडू नका.

लोभातली,
उत्तरा

कन्हान, ४ मार्च १९८५

चि. उत्तरास,
जयभीम, आशीर्वाद. वि. वि.

काल सकाळी पारशिवनीच्या सडकेवर झालं सगळं. नत्थूजी मास्तर शाळेचं स्टॉपवॉच घेऊन आले. दोन्ही गाड्यांत ज्वारीची दोन-दोन पोती टाकली.

उभ्या गाडीपासून सुरू करून एक किलोमीटर. मी चालवली तवा फोर्ड आठ सेकंद पुढं, जावयानं चालवली तवा सहा. मास्तरनं दोनदा घड्याळ हलवून पाहिलं. मंग थांबायची पाळी. साठच्या वेगात चुन्याच्या रेघेवर ब्रेक दाबायचा. फोर्ड एकतीस पावलांवर थांबली, कॉन्टेसा बावीसवर. लिटरभर पेट्रोलात आपली पाच किलोमीटर गेली, त्याची दहा.

तुले खरं सांगतो. त्याची गाडी मी चालवत होतो तवा मनात आलं, ब्रेक जरा हळू दाबावा, कोणाले समजते? दाबला मात्र पुरा. बावीस पावलं माह्याच पायाची आहेत.

फोर्डमधून श्रीधरराव लवकर उतरलाच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मंग मास्तरसमोर म्हणाला की मांडवातला तो शब्द मी परत घेतो, अजून एक चक्कर मारू द्या. मी चावी त्याच्याच जवळ राहू दिली.

तुहा,
मामा

पुणे, १२ मार्च १९८५

ती. मामांना,
सप्रेम जयभीम. वि. वि.

माझ्या मते ओढीत तुमची गाडी सरस, थांबण्यात आणि पेट्रोलात त्यांची. वयाचा विचार केला तर फोर्डला शाबासकी थोडी जास्तच. पण खरा निकाल तुम्ही ब्रेक पुरा दाबलात तेव्हाच लागला. ते वाचून मी वर्गात जायला उशीर केला.

आता प्रेमिलाताईला आणायला कधी जाता?

तुमची,
उत्तरा

कन्हान, २२ मार्च १९८५

चि. उत्तरास,
जयभीम. घरी सगळे खुशाल, मामी तर फारच. वि. वि.

काल मामीले घेऊन फोर्डनं नागपूरले गेलो. प्रेमिला दारातच उभी होती. मले पाहून हसता हसता रडली. मी जावयाले म्हटलं, तुमच्या गाडीची चावी द्या, पोरगी हिच्यात नेतो. रस्त्यावर काय आडवं येईल सांगता येत नाही, ही लवकर थांबते. त्यानं माह्याकडं पाहिलं अन् चावी दिली. मी त्याले फोर्डची दिली. सामान घेऊन मामी त्याच्या संगं बसली.

कामठी यायच्या आत प्रेमिला झोपली. मी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागं श्रीधररावाच्या हाती आठ सिलिंडर, अन् पुढं मी. कन्हानच्या पुलापर्यंत तो हॉर्न वाजवून राहिला होता. मी त्याले साइड दिली नाही.

माया अशीच राहू दे,
देवाजीमामा