एका चपलेच्या चोराबद्दल खरं काय ते

धाकटे, तुला आणि घरातल्या सगळ्यांना थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? यजमानांचा खोकला? मी अगदी मजेत, कंबर सोडून. कंबरेचं पुढे येईल, आधी लाजेचं सांगून टाकते.

मागच्या महिन्यात तुझ्याकडे आले ती एका पायात चप्पल नसलेली. तुमच्या शहरात चोरली, असं मी सांगितलं. तू म्हणालीस, "अगं, एकच चप्पल कोण चोरेल?" तर मी म्हटलं, तुमच्याकडे चोरसुद्धा अर्धवट! तू बिचारी ओशाळलीस, स्वतःच्या कोऱ्या चपला मला दिल्यास. धाकटे, ती चोरी खोटी गं. चप्पल बसच्या पायरीवर निसटली (मोजे जाड, कळलंच नाही). पूल ओलांडून तुमच्याकडे आलं की पिशवी पोटाशी धरायची, ही माझी तीस वर्षांची सवय. तशी लगबगीने निघाले, तर मागून एक माणूस धावत येतोय, हातात उगारलेली चप्पल, गळ्यात लांब फीत! मला वाटलं, हा आधी मारणार, मग गळा आवळणार. मी असा टाहो फोडला की अख्खा बाजार गोळा. लोकांनी त्याची कॉलर धरली. तो आपला हात जोडून, "आजी, तुमचीच आहे हो!" चप्पल हातात आली, पण तोंडातून 'चुकले' काही निघेना. पिशवीत कोंबली आणि सटकले. (तुझा जिना चढताना पाहिलं, तो तुझ्याच घराखालच्या दुकानातला शिंपी.)

आता कंबर. परवा न्हाणीघरात घसरले. आमच्याकडे फाटक, पहारेकरी, कॅमेरे, सगळं आहे, हे तुला शंभरदा ऐकवलंय. हाका मारल्या. पहारेकरी दारापर्यंत आला आणि बाहेरूनच म्हणतो, "आजी, वहीत तुमची सही झाल्याशिवाय आत येता येत नाही." सही करायला मी उठू कशी? भांडीवाली आली दुपारी, तिने उचललं. तोवर मी शिंप्याचाच विचार करत होते. एका चपलेसाठी किती धावला गं तो.

तुझी थोरली

ता. क. शिंप्याची मागची खोली रिकामी आहे म्हणालीस ना? माझ्यासाठी विचार. बहीण स्वभावाने गरीब आहे म्हणून सांग. माफी मी स्वतः येऊन मागेन, बाजारात, सगळ्यांसमोर.

ता. क. दुसरा. तुझ्या चपला परत मिळणार नाहीत, फार मऊ आहेत. आणि त्याला म्हणावं, म्हातारी ओरडली की आधी धावत ये, सही मी नंतर करीन.