आमच्या बोलीत तिसरी

११ ऑगस्ट, रविवार

लिहायला बसले, कारण ज्या भाषेत मन मोकळं करत होते ती आता माझी राहिली नाही. महामायानं ती तिच्या सुनेला शिकवली. मला न विचारता!

नांदेडला होस्टेलात राहून बी.ए. करताना महामाया आणि मी, दोघींनी ती भाषा तयार केली. गुपित असं काही नव्हतं, नुसती मजा. मेसच्या पातळ वरणाला एक शब्द. उठायचं नाव न घेणारा पाहुणा म्हणजे ‘झिमण’. ‘नाही’ला शब्दच नाही – जीभ टाळूला लावून टक्. नियम दोनच. एक, ती लिहायची नाही. दुसरा, नवा शब्द दोघींना पटला की चारचौघांत मोठ्यानं वापरून पाहायचा. कुणी अर्थ विचारला तर रद्द. पुढे लग्नं झाली, महामाया नांदेडलाच राहिली, मी लातूरला आले, नोकरी केली, रिटायर झाले. दर रविवारी चार वाजता फोन मात्र त्याच भाषेत.

आज बोलताना मागून सुनेचा, मनिषाचा आवाज आला. मी बोलले तेच वाक्य ती घोकत होती – आमच्या भाषेत! मी फोन ठेवून दिला.

१२ ऑगस्ट

नवऱ्याला सांगायला नको होतं. किशनरावांनी पेपर खालीसुद्धा घेतला नाही. “मंग सवत आली म्हन की तुला.”

दुपारी त्यांच्या चहात साखर घातली नाही. मुकाट प्यायले.

१८ ऑगस्ट, रविवार

आज पुन्हा तेच. मी बोलते, मागून मनिषा बोलते, मग महामायाचं उत्तर. आणि मध्ये मध्ये महामाया म्हणते, ‘हुंबी’. हा कुठला शब्द? मी विचारलं. उत्तर सुनेनं दिलं. “मावशी, त्यो माझा शब्द हाय.”

माझा! धर्माबादची मुलगी, लग्न होऊन वर्ष झालं नाही, आणि शब्द करते! मी मुद्दाम मराठीत सांगितलं – नामंजूर. मग महामायाकडून नुसतं टक्. मला की तिला, कळलं नाही.

खरं लिहायचं तर मनिषाच्या बोलण्यात चूक शोधत होते. एकही सापडली नाही. त्याचाच राग जास्त.

२१ ऑगस्ट

एक गोष्ट मनिषाला अजून माहीत नसणार. होस्टेलात आम्ही एकमेकींना टोपणनावं दिली होती. मी रूसा, ती बेंदू. ही नावं दोघींखेरीज कुणाच्या तोंडात नाहीत. शब्द घे म्हणावं सगळे. नाव मिळणार नाही.

‘झिमण’ लिहिला तेव्हाच मी नियम मोडला होता, आता नावंही लिहिली. असू दे.

२५ ऑगस्ट, रविवार

चारला मी फोन केला नाही. तिकडूनही आला नाही.

२७ ऑगस्ट

उद्या नांदेड. जे काय असेल ते तोंडावर विचारणार. किशनराव म्हणाले, भांडायला चाललीस तर निदान डबा घेऊन जा.

२८ ऑगस्ट, नांदेड

दार उघडंच होतं. महामाया ओट्याशी पाठमोरी मेथी निवडत होती. मी हाक मारली – बेंदू! वळली नाही. पुन्हा मारली. हातभर अंतरावर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, तरी ती मेथीच निवडत होती. तेव्हा मी हाक मारायची थांबले.

मनिषानं आतून येऊन गॅस बंद केला, समोर जाऊन तिच्या खांद्याला हात लावला. महामायानं मला पाहिलं. आधी हसली. मग तोंड उतरलं.

मनिषानंच सगळं सांगितलं. दिवाळीत एक कान गेला, होळीनंतर दुसरा हळूहळू जात या महिन्यात पुरता गेला. मशीन आहे, ओट्याशी काढून ठेवते, पण लावूनही फोनवरचं काही उमगत नाही. म्हणून फोन स्पीकरवर लावून ती सासूसमोर बसते आणि माझं वाक्य जसंच्या तसं म्हणते. महामाया ओठ वाचते. त्यासाठी भाषा शिकली. ‘हुंबी’ म्हणजे पुन्हा सांग, पण ओरडू नको. सारखं ‘काय? काय?’ करायची महामायाला लाज वाटायची.

मला का नाही सांगितलं?

“आत्याबाई म्हनल्या, तिला कळलं की ती सावकाश मराठीत बोलंल, आजाऱ्याशी बोलल्यासारखं. मंग आमचं बोलनं संपलं.”

असंच केलं असतं मी. ओळखते ती मला.

महामाया आमच्या भाषेत म्हणाली, फारच मोठ्यानं: रागाव, पण रविवार सोडू नको. मी समोर बसून बोलत राहिले. तिची नजर मात्र पुन्हा पुन्हा मनिषाच्या ओठांकडे जायची. सवय. सगळं कळूनही मला जळल्यासारखं झालं. जेवताना मनिषानं दुसरी भाकरी वाढली, ती मी घेतली.

२९ ऑगस्ट

परतीची एसटी. कंडक्टरनं विचारलं, “मावशी, कुठलं तिकीट?” मी मोठ्यानं म्हणाले, “हुंबी.” त्यानं अर्थ विचारला नाही. तेच पुन्हा विचारलं, जरा सावकाश.

शब्द पास.

१ सप्टेंबर, रविवार

चारला फोन केला. मनिषाला दिलं ते असं: ‘हुंबी’ला मंजुरी. नवे शब्द करायचा हक्क, पण मला विचारून. बेंदू हे नाव. आणि माझं. ‘रूसा’ पहिल्यांदा चुकली, मी सुधारलं. दुसऱ्यांदा तिनं ते महामायासमोर नीट म्हटलं. पलीकडे महामाया हसली.