उलटा ठेवलेला खाका

मी सुखमल, वडील नथमल, वय अडुसष्ट, मुक्काम आग्रा, पातशाही चित्रशाळेत चेहरे काढणारा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहितो. हात थकला, डोकं नाही. गुरू मिळाला नाही. यमुनेच्या घाटावर माणसं न्याहाळून चेहरे शिकलो. लिहिणंही तसंच, ऐकून-बघून.

१. घाटाजवळचं राहतं घर मुलगी रामकुंवर हिला. जावई भला आहे, तरी घर तिच्याच नावे. भल्या माणसालाही बहिणी असतात.

२. खारीच्या केसांचे कुंचले व रंगाचे शिंपले चित्रशाळेला. मात्र पुस्तकं बांधणाऱ्या तुलारामने त्यांना हात लावू नये. त्याने कडा छाटताना माझ्या हत्तीची शेपूट कापली आणि वर म्हणाला, "हत्ती ओळखू येतोय ना? मग झालं!"

३. पेटीतला हरणाच्या कातड्याचा खाका, म्हणजे चेहऱ्याच्या रेषांवर भोकं टोचलेला नमुना, अल्लादाद रंगाऱ्याला. का, ते सांगणं भाग आहे. मागच्या पातशाहीत दरबाराच्या एका चित्रात चेहरे माझे, रंग त्याचे. एका सरदाराच्या उजव्या गालावर तलवारीचा वण होता. त्याला सिंहासनाच्या दुसऱ्या अंगाला उभा करा, असा हुकूम आला. म्हणजे आता डावा गाल दिसणार. नवा चेहरा काढायचा मला कंटाळा. त्याचा हाच जुना खाका कागदावर उलटा ठेवून वर कोळशाची पूड थापटली, भोकांतून चेहरा खाली उतरला. वण डाव्या गालावर उमटला आणि अल्लादादने तो इमानाने गुलाबी रंगवला.

सरदार भर दरबारात कडाडला, "शत्रूने एक गाल सोडला होता, तो तुम्ही चिरलात!" लोक हसले. चित्रशाळेवरच्या दारोग्याने आम्हां दोघांना विचारलं, "हा वण कोणाचा?" मी मान खाली घातली. रंग ज्याचा, चूक त्याची ठरली. अल्लादादची नोकरी गेली, चित्राच्या कडेवरचं त्याचं नाव खरवडलं गेलं. माझं राहिलं.

बावीस वर्षं तो बाजारात खाटांचे पाय रंगवतो. भेटला की विचारतो, "डोळे बरे आहेत ना रे?" शिवी दिली असती तर पचली असती.

४. माझ्यामागे रामकुंवरने हा कागद दारोग्याला दाखवून अल्लादादचं नाव त्या चित्रावर पुन्हा लिहवून घ्यावं.

येथवर दोघा साक्षीदारांना, वैद्याला आणि खुद्द अल्लादादला, वाचून दाखवलं. अल्लादाद बराच वेळ खाक्याची भोकं बोटाने चाचपत बसला. मग म्हणाला, "बावीस वर्षं मला वाटत होतं, माझाच हात चुकला."

मी चौथ्या कलमावर बोट ठेवून कागद त्याच्यापुढे सरकवला.

"आणि आता तुझ्या मरणाची वाट बघू? शहाण्या, मी तुझ्याहून चार वर्षांनी थोरला आहे!"

सबब कलम चौथे रद्द. दारोग्यापुढे मी स्वतः उद्या सकाळी उभा राहून सांगेन. पुढे जे होईल ते होवो.

मुक्काम आग्रा, कार्तिक वद्य पंचमी, संवत १६९२.

सही: सुखमल

साक्षीदार:
१. वैद्य गिरधर मिश्र. सही केली.
२. अल्लादाद रंगारी. सही केली नाही. म्हणतो, "आधी जाऊन येऊ."