डिंकाचं झाकण कोणी उघडलं

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०

दुरुस्ती. काल लिहिलं की निकाल लागल्यावर चारुलता माझ्याकडे बघून हसली. चूक. ती हसली तेव्हा निकाल लागायचा होता, आणि हसून ‘बेस्ट लक, दिपू’ म्हणाली. म्हणजे तिला आधीच माहीत होतं.

चुकीच्या ओळीवर एक रेघ, शेजारी बरोबर मजकूर, खाली सही: दिपमाला. ही पप्पांची शिकवण. ते तीस वर्षं दीपनगरच्या पॉवर हाउसमध्ये लॉगबुक लिहायचे. मला लहानपणी दमा, म्हणून चौथीपर्यंतची शाळा क्वार्टरमध्येच झाली. शिक्षक पप्पा. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही, जे झालं ते वेळेसकट.

तर जे झालं ते वेळेसकट. कल्पकता करंडक, विभागीय फेरी, धुळे, रविवार. पाच मुलांनी साठ ग्रॅम वजनाचा पूल बांधायचा, त्यावर वजनं ठेवायची, आणि वजनं चढत असताना आठ मिनिटांचं नाटक करायचं, ज्यात पूल हे एक पात्र असेल. डोकं मुलांचं, हात मुलांचे. मोठ्यांनी मदत केली तर गुण कापतात. आमचा पूल पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, केळीच्या खोडातल्या धाग्याने बांधलेला. बावीस किलो पेलला. चारुलता धुळ्याच्या संघाची शिक्षिका, तिच्या मुलांचा एकोणीस. नाटकातही आम्ही पुढे. प्रेमराजने पुलाचा आवाज असा काढला की एक परीक्षक डोळे पुसत होते.

मग फलकावर आमच्या संघापुढे लिहून आलं: जळगाव, बाहेरची मदत, वजा दहा. चार गुणांनी हरलो. पुण्याला राज्य फेरीला धुळे जाणार.

कोणीतरी माझ्याविरुद्ध तक्रार केली. माझ्याविरुद्ध! मी तर फॉर्ममधला ‘बाहेरची मदत’ हा रकाना इतक्या प्रामाणिकपणे भरला होता की जागा पुरली नाही, दोन पुरवण्या जोडाव्या लागल्या.

१२ जानेवारी. दुपारी १.२०, मधली सुट्टी

एक संशयित वगळला. मेघाच्या आजी, भिकुबाई. मेघा म्हणजे आमची कॅप्टन, आठवी ब. विसाव्या किलोला आजी प्रेक्षकांतून ओरडल्या होत्या, ‘आते मोडी जाई वं माय!’ पण ही मदत नव्हे. उलट मुलं घाबरली. वगळल्या.

उरली चारुलता.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

आईने तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, गोड बोल. बोलले. मनात चारुलताला वगळून.

सूड हा शब्द वापरायचा नाही असं ठरवलं. आपण शिक्षिका आहोत. ‘नोंद पूर्ण करणे’ म्हणायचं. चारुलताची नोंद तशी जुनीच आहे. बी.एस्सी. दुसरं वर्ष, होस्टेल, खोली एकच. माझा फिजिक्सचा आलेख ‘नुसता बघायला’ नेला आणि तिला माझ्यापेक्षा एक मार्क जास्त. ९ ऑगस्ट २०१७. मी कधीच माफ करून टाकलं आहे.

१७ जानेवारी, शनिवार. सकाळी ११

स्पर्धेचे संयोजक हिलाल सर यांना फोन. तक्रारीची प्रत मागितली, नियम क्रमांक चौदा.

सर म्हणाले, कोणाची तक्रार ते कळायलाच हवं का, मॅडम?

मी म्हटलं, हवं.

सरांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, तुम्ही आठवून बघा.

मी म्हटलं, मला सगळं आठवतं, सर.

ते म्हणाले, बरं बाई, पोस्टाने पाठवतो.

आवाज दबलेला वाटला. चारुलताने त्यांनाही गोड बोलून आपल्या बाजूला घेतलेलं दिसतं.

२० जानेवारी, मंगळवार

पाचही मुलांना थांबवून सांगितलं की तुमच्यावर अन्याय झाला आहे आणि मी स्वस्थ बसणार नाही. कोणी पेटून उठलं नाही. भूषण म्हणाला, मॅडम, पुढच्या वर्षी बोट करू या का? मेघा खाली बघत होती. पोरीला फार लागलंय.

२४ जानेवारी, शनिवार. धुळे

पुरावा गोळा करायला गेले. घरी सांगितलं, एरंडोलला उतरून पद्मालयाच्या गणपतीला जाते. खोटं होऊ नये म्हणून खरंच गेले. त्यात दोन तास गेले. धुळ्याला पोचले तेव्हा पावणेदोन.

चारुलताच्या शाळेत थेट आत न जाता खिडकीतून निरीक्षण. मुलं पुण्यासाठी नवा पूल बांधत होती. जोड वाकडे, रंग ओघळलेला, एका पोराच्या केसांत डिंक. सगळं संशय यावा इतकं मुलांनीच केलेलं. चारुलता कोपऱ्यात वह्या तपासत होती. वीस मिनिटं माझी पाटी कोरी.

दुपारी २.२२. एका मुलीला डिंकाच्या बाटलीचं झाकण उघडेना. चारुलताने उघडून दिलं.

लिहून घेतलं. खाली सही.

तेवढ्यात तिने मला पाहिलं आणि ओरडली, अगं दिपू, बाहेर काय उभी! चहा, शेवभाजी, मुलांची ओळख, सगळं केलं. बसस्टँडवर सोडायला आली. म्हणाली, तुझ्या मुलांचा धागा काय सुंदर होता गं, माझी मुलं अजून त्याबद्दलच बोलतात. अपराधी माणूस असाच मऊ बोलतो.

शेवभाजी चांगली होती. हेही खरं, म्हणून लिहिलं.

२६ जानेवारी, सोमवार. झेंडावंदनानंतर

हरकत लिहून झाली. विषय: धुळे संघास बाहेरची मदत (झाकण). चार पानं, तळटिपा सात. तळटीप तीन: मी खिडकीबाहेर होते, चष्मा पुसलेला नव्हता. तळटीप पाच: झाकण मुलीने स्वतःही उघडलं असतं, वेळ लागला असता. तळटीप सात: नंतर मी यांच्याकडे शेवभाजी खाल्ली.

पप्पांना वाचायला दिली. ते म्हणाले, दिपा, लॉगबुकात बॉयलरचं लिहायचं असतं. ऑपरेटरला शिंक आली ते नाही लिहीत.

पप्पांना या क्षेत्राची कल्पना नाही. आज पोस्ट बंद, उद्या सकाळी रजिस्टर पोस्टाने जाईल.

२९ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी ५

विजय! समितीचा मेल. हरकत दाखल. धुळ्याची पुण्याची जागा तात्पुरती थांबवली. सुनावणी रविवारी, ८ फेब्रुवारीला. हरकत मान्य झाली तर पुण्याला जळगाव.

मुलांना सांगितलं. टाळ्या येतील म्हणून क्षणभर थांबले. मेघा म्हणाली, मॅडम, झाकण उघडलं म्हणून?

मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

प्रेमराज म्हणाला, मग माझी पाण्याची बाटली कोण उघडून देतं? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, बघा.

चारुलताचा मेसेज आला: दिपू, मुलं रडताहेत गं. माझं काय चुकलं ते मला एकटीला सांगशील? उत्तर दिलं नाही. मेसेज वाचल्याची खूण मात्र तिला गेली. ते सेटिंग बंद करायचं राहिलं.

जिंकल्यावर जेवण जात नाही असं ऐकून होते. खरं आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ४.४०

हिलाल सरांचं पाकीट आलं. आत तक्रारीची प्रत. उघडण्याआधी लाल पेन घेतलं, चारुलताच्या अक्षराच्या खोडी टिपायला.

अक्षर चारुलताचं नाही.

अक्षर ओळखीचं आहे. फार सरळ, ओळी मोजून, चुकीवर एक रेघ, शेजारी बरोबर मजकूर, खाली सही.

‘पुरवणी क्र. २. ९ डिसेंबर: प्रेमराजने बरोबर आहे का विचारले. मी काही बोलले नाही, परंतु भुवया वर गेल्या. १४ डिसेंबर, ३.०५ (~~३.१५~~): मुले धागा आखूड कापणार होती. मला खोकला आला. खोकला खरा होता, तरी मुलांनी थांबून पुन्हा माप घेतले. ही मदत मानावी की नाही, ते समितीने ठरवावे.’

समितीने ठरवलं. खोकल्याला दहा गुण.

४.५५. पुन्हा वाचलं. तक्रारदार: मार्गदर्शक शिक्षिका, जळगाव संघ.

४.५८. तरी झाकण तिने उघडलंच होतं.

५.०१. मागची ओळ रद्द. सही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस लिहिलं नाही. कारण: अशक्तपणा. (दुरुस्ती: अशक्तपणा नव्हता. लाज होती.)

आज मुलांना थांबवलं आणि पाकीट बाकावर ठेवलं. मोठं भाषण तयार केलं होतं. पहिल्याच वाक्याला मेघा म्हणाली, मॅडम, आम्हाला माहितीये. त्या फॉर्मवर कॅप्टनची सही लागते. मी सही करताना वाचलं होतं.

मी विचारलं, सगळ्यांना माहीत होतं?

भूषण म्हणाला, हो, आजींना पण.

मग मला का नाही सांगितलं? प्रेमराज म्हणाला, तुम्ही इतक्या चिडल्या होत्या, तुम्हाला कसं सांगायचं? आणि तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं ना.

मेघाला न्यायला भिकुबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘मास्तरीनबाई, तुन्हं बठ्ठं खरं शे, पन इतलं खरं कोन लिखस?’ (बठ्ठं म्हणजे सगळं.)

६ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ६.३०

हिलाल सरांना फोन केला. म्हणाले, हरकत मागे घ्यायची तर स्वतः धुळ्याला येऊन, लेखी, सुनावणीच्या आधी. मग धुळ्याची मुलं पुण्याला जातील. वर म्हणाले, मॅडम, एकच ओळ लिहा. पुरवणी नको.

ठरवलं आहे की नोंद पूर्ण करायचीच. गुन्हेगार सापडला आहे, सोडायचा नाही. त्याला चारुलतासमोर आणि तिच्या पाच मुलांसमोर उभं करायचं आणि त्याच्याकडून सगळं वदवून घ्यायचं. ९ ऑगस्ट २०१७ चंही. त्या आलेखावर मीच बिंदू चुकीचा मांडला होता. तिने तो दुरुस्त केला, म्हणून तिला एक जास्त.

एका ओळीचं पत्र लिहायला बसले. तिसऱ्या पानावर आहे.

सकाळी ११.१५, शाळेत

पाचही मुलांनी घरून परवानगीच्या चिठ्ठ्या आणल्या आहेत. मेघा म्हणाली, आम्ही तुमच्यासोबत धुळ्याला येतो, त्या मुलांना धागा वळायचा शिकवू. मी म्हटलं, अगं, ती बाहेरची मदत होईल.

मेघा म्हणाली, त्यांना नाही शिकवत मग. नुसते तुमच्याजवळ उभे राहू. आणि तुम्ही पत्राबाहेर काही बोलायला लागलात की मी खोकेन.

उद्या, शनिवार, ७ फेब्रुवारी. सकाळी सव्वासातची धुळे बस.