रक्त येतं ती बाजू

३ फेब्रुवारी

परकी माणसं माझ्यापुढे पडजीभ दिसेपर्यंत आ करतात. माझी आई का करत नाही? एवढी वर्षं दातांचं शिकले, पण हा प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता.

आज दवाखान्यात एक वकील आले होते. कोर्टात म्हणे कोणाला बोलू देत नाहीत. माझ्या खुर्चीवर मात्र ‘जीभ डावीकडे’ म्हटलं की डावीकडे, ‘उजवीकडे’ म्हटलं की उजवीकडे! किटण इतकं, की खरवडताना मला विहीर खणतेय असं वाटत होतं. जाताना म्हणाले, दात जरा जास्तच मोकळे वाटतायत. म्हटलं, तेच तुमचे दात. आधी होती ती भिंत.

घरी आले आणि आईला सहज म्हटलं, बस ना दिव्याखाली, एकदा बघू दे. तिने लवंग तोंडात टाकली. ‘माझे दात दुखत नाहीत,’ म्हणाली आणि शिवणाच्या मशीनवर जाऊन बसली. हसली की हात तोंडावर. लवंग तर कायमची गालात. त्या लवंगेच्या वासामागचा वास मला कळतो. कळणारच, पोटापाण्याचा धंदा आहे माझा.

६ फेब्रुवारी

सुट्टी. बेसिनवर क्रांती करायची ठरवली.

आमच्या घराचा दातांचा इतिहास फार थोर नाही. मी शाळेत असताना घरात एकच ब्रश होता, आणि ज्याला आधी जाग येईल त्याचा तो. दादा आणि मी त्यावरून मारामाऱ्या करायचो. ब्रशला केस किती उरलेत याच्याशी कोणाला घेणं नव्हतं. आता त्याच बेसिनच्या वर बाबांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र खिळा मारून लावलंय. घरातली पहिली पदवी, आणि तिच्यावर रोज फेसाचे शिंतोडे!

तर मी प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा, मऊ केसांचा ब्रश आणला. संध्याकाळपर्यंत बाबांच्या जांभळ्या ब्रशने त्यांच्या सायकलची साखळी साफ झाली होती. चांगला आहे गं ब्रश, म्हणाले, खाचाखोचांत जातो. बाबा बस चालवतात. रात्री दात घासून वर साखरेचा चहा पिऊन झोपतात. त्यांना म्हटलं, क्रम उलटा करा. म्हणाले, म्हणजे आधी झोपू?

आत्या — बाबांची थोरली बहीण — दादाच्या लग्नाची खरेदी करायला मुक्कामाला आली आहे. तिला सगळी कवळी. रात्री ती कपात ठेवून देते आणि ऐटीत सांगते, ‘दात तिकडे झोपतात, मी इकडे झोपते. कटकटच नाही.’ आईच्या डोक्यात हे सारखं भरते आहे. एकदाच सगळे उपटून टाक, मग जन्मभर निवांत. जेवायला मात्र ताट घेऊन खिडकीपाशी जाते, आमच्याकडे पाठ करून. तिथे वारा येतो म्हणे.

७ फेब्रुवारी

आज एका माणसाने माझं बोट चावलं. चुकून, असं त्याचं म्हणणं.

१० फेब्रुवारी

मोठा शोध लागला. आणि लागलीच माती खाल्ली.

सकाळी आई दात घासत होती, दार अर्धवट उघडं. बघते तर ती उजवीकडे खसाखसा घासते, भांडं घासावं तशी. डावीकडे ब्रश नेतच नाही! तोंडाचा अर्धा भाग अस्पृश्य. विचारलं, ती बाजू का सोडतेस? तर म्हणाली, ‘तिथे रक्त येतं. जखमेला कोणी घासतं का?’

किती वर्षं? आठवत नाही म्हणाली. दादा शाळेत जायला लागला तेव्हापासून असेल.

म्हणजे हिरडीतून पहिल्यांदा रक्त आलं तेव्हा तिने त्या हिरडीची काळजीच घेतली. तिच्या पद्धतीने. दुखऱ्या पोराला जसं न हलवता झोपवून ठेवतात, तसं. आणि नेमकं तेच उलट! घासलं नाही म्हणून घाण साचते, घाण साचते म्हणून हिरडी सुजते, सुजते म्हणून रक्त येतं, रक्त येतं म्हणून घासत नाही. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलक्या हाताने रोज फिरवला आणि दवाखान्यात बसून किटण काढून घेतलं, की बऱ्याच जणांचं रक्त काही आठवड्यांत थांबतं. एवढंच सांगायचं होतं मला.

पण मी काय सांगितलं? ‘अगं आई, हे तर बालवाडीतल्या पोरांनाही कळतं.’

तिने चूळ भरली. ब्रश झटकला. ‘झालं तुझं?’ म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आता हे प्रमाणपत्र उलटं लावावं म्हणते.

१२ फेब्रुवारी

अबोला. म्हणजे ‘जेवायला ये’ आहे, ‘दूध उतू जाईल’ आहे. बाकी नाही.

आई शिवताना दोरा दाताने तोडते. समोरच्या दातांना बारीक खाच पडली आहे, लांबूनही दिसते. मी मशीनशेजारी छोटी कात्री ठेवली. तिने त्या कात्रीने बटणांची पिशवी फोडली, आणि दोरा दाताने तोडला. माझ्याकडे बघून!

१७ फेब्रुवारी

घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. आधी इथे लिहिते.

दुपारी काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, तुझ्या आईला सव्वीसच्या गुरुवारी सकाळी उपाशी यायचं का ते सरांना विचार. मी म्हटलं, कोणाच्या आईला?

माझ्या आईला. चार दिवसांपूर्वी, माझी साप्ताहिक सुट्टी होती तेव्हा, मी मैत्रिणीकडे गेले आणि आई इथे आली. माझ्याच दवाखान्यात! दवाखाना ज्यांचा, त्या सरांच्या खुर्चीवर बसली, तोंड उघडलं, एक्स-रे काढून घेतला. आणि ठरलं काय, तर सगळे दात काढायचे. टप्प्याटप्प्याने, त्या गुरुवारपासून. लग्नाआधी कवळी.

सर हात धुवायला आत गेले होते. मी संगणकावर आईचा एक्स-रे उघडला.

डावीकडच्या मागच्या दोन दाढा गेलेल्या आहेत, त्यात वाद नाही. पण बाकी! हाड खाली गेलंय, पण आहे. धरून ठेवण्याइतकं आहे. हिरड्यांच्या आतून नीट साफसफाई, मग आईचं रोजचं घासणं, दर काही महिन्यांनी तपासणी — हे सगळं झालं तर यातले बरेचसे दात आईच्या तोंडात म्हातारे होतील.

सर मागे येऊन उभे राहिले. माणूस वाईट नाही. म्हणाले, त्या तुला दाखवू नका म्हणाल्या होत्या. मग मी दात वाचतील असं म्हटल्यावर खुर्चीवर बसले, चष्मा पुसला. वाचतील, मलाही दिसतंय, म्हणाले. त्यांना तसं सांगितलंही. पण त्यांनाच काढून हवेत. आणि मग, अगदी प्रेमाने:

‘खरं सांगू का, अशी माणसं घासत नाहीत गं. वर्षभर मेहनत घ्यायची आणि परत तेच.’

मी हातमोजे बदलले. पुढचा पेशंट आत घेतला. त्याला ‘आ करा’ म्हणायच्या ऐवजी ‘बसा’ म्हणाले. तो बसलेलाच होता.

१८ फेब्रुवारी

घरी मी आनंदाची बातमी घेऊन गेल्यासारखी गेले. आई मशीनवर होती. म्हटलं, मी तुझा एक्स-रे बघितला, अगं बरेचसे वाचतील!

मशीन थांबली.

‘मी त्यांना सांगितलं होतं, पोरीला दाखवू नका.’

मी थांबायला हवं होतं. नाही थांबले. हाड, हिरडी, किटण, सगळं भाषण. हाताने हवेत जबडा काढून दाखवला. आई ऐकत होती की नाही कोण जाणे. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ती हळूच बोलायला लागली. दादाच्या होणाऱ्या सासूबाई बोलणी करायला आल्या होत्या ना, तेव्हा ती कानात काहीतरी सांगायला त्यांच्याजवळ सरकली. त्या मागे सरकल्या. तेवढंच. त्यांनी पुढे काही दाखवलं नाही, चहाही प्यायला. पण आई ते मागे सरकणं घेऊन फिरते आहे.

मग म्हणाली, ‘तू शिकायला गेलीस तेव्हा सगळ्या गल्लीला सांगत सुटले होते, पोरगी दातांची डॉक्टर होतेय. तेव्हाच हे हलायला लागले होते. तुला कुठल्या तोंडाने दाखवणार होते? आणि आता बघितलंस तर बघितलंस. आता तू माझ्याकडे बघशील तेव्हा तेच बघशील.’

मी नाही म्हटलं. आणि म्हणताना माझी नजर तिच्या दातांवर होती. तिने ती पकडली.

निदान बरोबर. उपचार बरोबर. आणि खोलीबाहेर मीच उभी!

१९ फेब्रुवारी

चिडचिड. एका लहान मुलीला ‘चॉकलेट खाल्लंस की दाताला भोक’ असं दरडावलं. ती रडली. तिची आई माझ्याकडे ‘झालं तुझं?’ अशा नजरेने बघत होती.

२२ फेब्रुवारी

आत्याने आज जे केलं ते सगळ्या दंतशास्त्राला जमलं नसतं. आणि तिला करायचं नव्हतं, हे विशेष.

दुपारी आई साखर घ्यायला स्वयंपाकघरात गेली. मी मागे पाण्याला. ओट्याशी आत्या उभी. एका हातात सफरचंदाची फोड, दुसऱ्या हातात चमचा. गर खरवडून खरवडून चोखत होती, लहान बाळाला भरवतात तसा, पण स्वतःलाच. कवळी शेजारी बशीत. बोळक्या तोंडाची आत्या मी पहिल्यांदा बघितली. एवढुसा चेहरा!

आत्याने कवळी उचलली, परत ठेवली.

‘काय बघतेस?’ आईला म्हणाली. ‘हिरड्या आक्रसल्या. टोचते मेली. फोटोत बरी दिसते, जेवायला काढावी लागते.’

आई म्हणाली, मग मला कशाला उपट उपट म्हणून मागे लागला होतात, वन्सं? आत्याने फोड तोंडात फिरवली. मग जे म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहिते:

‘सोबत झाली असती.’

आई हसली. खूप हसली, ओट्याला धरून. हात तोंडावर न्यायला विसरली. आत्याही हसायला लागली, बोळकं उघडं टाकून. मी पाणी न पिता बाहेर आले. तिथे माझं काम नव्हतं.

(कवळी नीट बसवून घेता येते, हे आत्याला सांगायचंय. पण ती विचारेल तेव्हा. मी सुधारते आहे.)

२३ फेब्रुवारी

बाबा आता आमच्यातले पोस्टमन. बूट घालता घालता निरोप दिला. आईने सांगितलंय, गुरुवारी जाणार नाही. मी उडीच मारणार होते. बाबांनी बोट वर केलं: टपाल संपलेलं नाही. ‘दात ठेवायचं बघते म्हणाली. सांगतील तसं घासेनही म्हणाली. पण पोरीच्या हातून नको.’

मी म्हटलं, बाबा, पण मीच सगळ्यात चांगलं करेन. मनापासून करेन!

बाबा म्हणाले, ते माहितीये तिला. आणि बस काढायला गेले.

दिवसभर डोकं तेवढ्यावरच. रागही आला. शिकले कोणासाठी? पहिल्या वर्षी, पहिला सांगाडा बघितला तेव्हा ठरवलं होतं, पहिली खुर्ची आईला. ते माझं स्वप्न होतं. तिला कधी विचारलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

सरांना सांगितलं, आईची उद्या गुरुवारची वेळ रद्द करा. तिचा एक्स-रे आणि माहिती चिमणीकडे पाठवा, तुम्हीच पाठवा, मला मध्ये घेऊ नका. चिमणी माझ्या वर्गातली. सहा फूट उंची, आवाज चिमणीचा. सायकलच्या दुकानाच्या वर तिने एकच खुर्ची टाकली आहे. हात सोन्याचा.

सर हसले, आमचा पेशंट पळवतेस? मग विचारलं, घासतील का त्या?

आता बोलले. ‘सर, त्या दिवशी तुम्ही “अशी माणसं” म्हणालात. त्यांतलीच एक रोज तुमच्या शेजारी हातमोजे घालून उभी असते.’

सरांनी हात धुतले, नळ बंद केला. चुकलं, म्हणाले. आणि माहिती लगेच पाठवून दिली.

सकाळी न्हाणीघरातून ब्रशचा आवाज आला. डावीकडे की उजवीकडे, कळलं नाही. दार बंद होतं. मी दाराशी दोन क्षण उभी राहिले आणि स्वतःलाच हाकललं.

१ मार्च

आईला चिमणीकडे सोडलं. आत जाताना तिने मागे वळून बघितलं, मी येत नाही ना म्हणून. नाही गेले. दार मीच बाहेरून ओढून घेतलं.

चिमणीला सकाळीच बजावून ठेवलं होतं: आईच्या तोंडातलं मला काही सांगायचं नाही. मी विचारलं तरी नाही.