निर्गुडीच्या सुनावणीची जागा बदलण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
वनौषधी संवर्धन कक्ष, बेळगाव.

विषय : अनगोळ येथील निर्गुडीचे एक झुडूप न तोडणेबाबत.
संदर्भ : सदर झुडपाच्या बुंध्यावर ठोकलेली आपली नोटीस.

महोदय,

ज्या भूमीने जगाला सूज उतरवायला शिकवले, त्या भूमीत निर्गुडीच्या एका पानालाही धक्का लागता कामा नये, असे अर्जदाराचे ठाम मत आहे. सध्या मात्र अर्जदाराच्या निर्गुडीला पानच उरलेले नाही.

१. सदर झुडूप अर्जदाराच्या कुंपणालगत वीस वर्षे उभे आहे. तिथे आपण वनौषधी उद्यान करणार, त्यात निर्गुडीचा सिमेंटचा नमुना बसवणार, आणि त्याला खरी निर्गुडी आडवी येते, असे नोटिशीत आहे. नोटीस कन्नडात आहे. पण अर्जदाराला कन्नड चांगले येत असल्याने न समजल्याची सवलत त्याला घेता येत नाही.

२. तोडायला प्रथम आपला कामगार मष्णू आला. कोयता उचलला आणि तिथेच मटकन बसला. "अण्णा, गुडघा लई सुजलाय बघा. आधी थोडा पाला न्हेतो." औषधाला मागितलेल्या पाल्याला नाही म्हणायचे नाही, ही अनगोळची रीत. अर्जदाराच्या पत्नी कल्याणी यांनी तो तव्यावर गरम करून बांधूनही दिला. तोड लांबली.

३. चार दिवसांनी मुकादम महादेव आले. "अजून तोडलं कसं न्हाय रं?" म्हणून मष्णूवर खेकसले आणि स्वतःच्या घोट्यासाठी पिशवीभर पाला घेऊन गेले. त्यानंतर आपली जीप आली. "सायबांच्या आईचं सांधं धरल्यात, अण्णा. हात राखून देऊ नकासा," असे चालक म्हणाला. त्याने पोते आणले होते.

४. अशा रीतीने आपल्या कक्षाची सूज पूर्ण उतरली असून तोडकामास सर्वजण आता तंदुरुस्त आहेत. आजवर याच पाल्यावर चालणारा अर्जदाराचा उजवा गुडघा मात्र नारळाएवढा झाला आहे. नवे कोंब फुटेपर्यंत तो असाच राहणार, आणि कोंब फुटण्याआधी आपण येणार.

५. अर्जदाराची हरकत ऐकण्यासाठी आपण त्याला बुधवारी तिसऱ्या मजल्यावर बोलावले आहे. लिफ्ट बंद आहे. हजर न राहिल्यास हरकत नाही असे समजून झुडूप तोडले जाईल, असेही कळवले आहे.

आयुर्वेद, परंपरा आणि सिमेंट यांविषयी अर्जदाराला पुष्कळ बोलायचे आहे. ते तो सुनावणीत बोलेल. तूर्त विनंती एवढीच, की सुनावणी तळमजल्यावर, शिपायाच्या बाकावर घ्यावी.

आपला, पहिल्या पायरीशी थांबलेला,
मारुतीराव अष्टेकर
अनगोळ, दि. १४ नोव्हेंबर २०२४

सोबत : बुंध्यातून काढलेला नोटिशीचा खिळा, एक.