सात नंबरच्या किनाऱ्याबाबत खुलासा

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (आडवं व्हायला कोरडी जागा नसल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे.) तुमचा गुडघा बरा असेल, चष्म्याचा नंबर वाढला नसेल आणि बॅग अजून भरून झाली नसेल, अशी आशा करतो. शेवटची आशा सर्वांत मोठी आहे. शाळेत तुम्ही माझ्या मुख्याध्यापिका होतात, त्यामुळे घरीही तुम्हाला काही उलट सांगायची हिंमत कधी झाली नाही. आज सांगतो. येऊ नका.

आमच्या प्रवास कंपनीचं 'फारसे कोणी न पाहिलेले बारा किनारे' हे माहितीपत्रक मी लिहिलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ते न पाहिलेल्यांत मीही मोडतो, एवढं सांगायचं राहून गेलं. माझं टेबल स्टेशनरीच्या कपाटासमोर आहे. तिथे बसून, मालकांनी दिलेल्या एकेका फोटोवरून, मी बारा बेटांवरचे बाराही किनारे दोन दुपारींत उरकले (विषम आकड्यांना पांढरी वाळू, सम आकड्यांना सोनेरी, म्हणजे वाद नको). सात नंबरवर जरा जास्तच रंगात आलो. 'ही वाळू संपेल अशी काळजी करू नका, ती संपत नाही' हे वाक्य सुचल्यावर मी खूश होऊन स्वतःसाठी चहा मागवला होता. तुम्ही ते पत्रक लाल पेनाने तपासलंत, राहिलेले चार अनुस्वार दिलेत आणि खाली 'मी जाणार' असं लिहून परत पाठवलंत. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या सहली नेऊन आणल्यावर तुम्ही स्वतःसाठी निवडलेलं हे पहिलं ठिकाण, आणि तेही माझ्या भरवशावर! तुमच्या आठवडाभर आधी पोहोचून खात्री करावी म्हणून रजा टाकून निघालो.

बोट थांबली तेव्हा समोर एक भिंत, तीन पायऱ्या आणि वरच्या पायरीपर्यंत आलेलं पाणी. वाळू औषधालाही नाही. नावाड्याने भलत्याच बेटावर आणलं असं वाटून मी त्याच्याशी हुज्जत घातली आणि पुरावा म्हणून पत्रक पुढे केलं. त्याने ते शेवटपर्यंत शांतपणे वाचलं आणि ही जागा नेमकी कुठे आहे असं विचारलं, त्याला बायकोला घेऊन जायचं होतं. बाकीचे पाच प्रवासी भिंत बघून उतरलेच नाहीत, त्याच बोटीने परत गेले. मी उतरलो, कारण माझी बॅग आधीच उतरली होती.

खाणावळवाल्या मावशींनी खोली दिली आहे. गादी ओली आहे. (मावशींच्या मते ती ओली नाही, गार आहे.) दोन्ही वेळा उकडलेला मासा मिळतो आणि नको म्हटलं तर तोच भाजून मिळतो. आत्या, मी न बघता लिहिलं, तुम्हाला फसवलं. फार वाईट वाटतं. तिकीट रद्द करा.

तुमचा भाचा

ता. क. (तिसरा दिवस) : किनारा सापडला! ओहोटीला भिंतीपलीकडे पाणी हटत जातं आणि तीन तास वाळूच वाळू. पण ओहोटीला खडक उघडे पडतात, म्हणून बोट भरतीलाच येते आणि आल्या पावली परत फिरणाऱ्यांना तो कधी दिसतच नाही. वर्णन करायला तासभर वही घेऊन बसलो, 'वाळू आहे' यापुढे गाडी सरकेना. डोळ्यांत पाणी आलं. वरचं सगळं रद्द समजा. या.

ता. क. २ (सहावा दिवस) : मावशी म्हणाल्या, बोट आठवड्यातून एकदाच येते. म्हणजे हे पत्र नेणारी बोट तीच, जी तुम्हाला आणणार. तेव्हा येऊ नका आणि या, दोन्ही वाया गेलं. आता एकच विनंती : भिंत पाहून परत फिरू नका. सहा तास थांबा, मग मला हवं ते बोला. पत्र पायरीवरूनच तुमच्या हातात देईन. तुम्ही वाचून होईपर्यंत बोट थांबवायला नावाड्याला सांगणार आहे (पत्र थोडं लांबलं, ही अडचण आहे).

ता. क. ३ : बोट आली. बाकीचे भिंतीकडे बघत बसून राहिलेत. तुम्ही मात्र चपला हातात घेऊन बोट पायरीला लागायची वाट न बघता सरळ पाण्यातच उतरलात आणि बहुतेक हसताय. तुम्हाला हसताना मी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.